हातशिलाईचा सदरा

माझ्या वडिलांनी जन्मात विलायती वस्तू घरात घेतली नाही, असं नागभीडचे जुने लोक अजून सांगतात. सांगू द्या. घरात घेतली नाही हे खरंच आहे. ती दारापुढे उभी असायची, तिला चाकं होती आणि तिच्यावर आमचं पोट चालत होतं.

बाबा चळवळीतले. तरुणपणी त्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली, तीत आईचं लग्नातलं लुगडंही टाकलं. तिला विचारलं होतं का, हे मी एकदा विचारलं तर आई म्हणाली, "इचारले ना. पेटवल्यावर." ती हे हसून सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

स्वराज्य आलं, पण बाबांचा नेम सुटला नाही. अंगात जाड खादीचा सदरा आणि तो घरी शिवलेला. बाजारातल्या शिंप्याकडे ते जात नसत, कारण त्याची मशीन विलायती. म्हणून सगळं शिवण आई हातानं करायची. बाबांचे सदरे, बंड्या, आमचे झगे, उशांचे अभ्रे, सगळं. खादी अशी जाड की सुई पलीकडे काढताना बोटात रुतायची. आईच्या डाव्या हाताची बोटं टोकाला कायम काळी आणि खरबरीत असत. पिठात हात घातला की चुरचुरायची. धानाची रोवणी आटोपून इतर बाया पाय पसरायच्या, तेव्हा ही दारात उजेडाला बसून टाके घालायची.

आणि बाबा काय करायचे? कोणी पाहुणा आला, सभेचा, तालुक्याचा, की बाही पुढे करायचे. "पाहा, घरची हातशिलाई हाये. मशीनीचा एक टाका नाई." पाहुणा बाही चिमटीत धरून मान हलवायचा. बाबांचा ऊर भरून यायचा. आई आत चहा गाळत असायची.

मामा वरोऱ्याला होते. बहिणीची बोटं पाहून त्यांना राहवलं नाही. कुठल्याशा जिनिंगच्या साहेबाचं सामान विकायला निघालं, त्यात त्यांनी एक जुनी शिलाई मशीन घेतली आणि गोणपाटात गुंडाळून स्वतः गाडीनं घेऊन आले. ओसरीवर ठेवली. आईनं गोणपाट थोडं बाजूला सारलं, चाकाला हात लावला आणि एकदा फिरवलं. सुईचा दांडा खाली जाऊन वर आला. ती लहान मुलीसारखी मामांकडे पाहून हसली.

बाबा बाहेरून आले. मशीनीवरचं इंग्लंडचं नाव वाचलं. आवाज चढवला नाही, तो ते कधीच चढवत नसत.

"भाऊ, हे परत घेऊन जा."

"भाऊजी, जुनी हाये. विलायती कंपनीच्या खिशात पैसा गेला नाई. बाईच्या हाताकडे पाहा तरी."

"जुनी का नवी, सवाल तो नाई. माह्या घरात हे येनार नाई."

मशीन उंबरा ओलांडून आत आली नाही. सकाळच्या गाडीनं मामा ती घेऊन गेले, तेही न जेवता. देशी मशीन बाजारात मिळत होती, बाबांनाही ते ठाऊक होतं. "घेऊ, पुढच्या वर्षी पाहू," म्हणायचे. त्यांचं पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. आई पुन्हा सुई घेऊन दारात बसली. पण ती मशीन तिच्या मनातून गेली नाही. बाजारातून येताना शिंप्याच्या ओट्यापुढे तिची चाल हळू व्हायची, हे मी पाहत होते.

मग बाबांनी मोटर घेतली. नागभीडहून ब्रह्मपुरीवरून वैनगंगेच्या काठापर्यंत उतारूंची ने-आण करायची. पुढे लोक नावेनं पलीकडे जात. मुंबईकडच्या एका कंपनीची ती गाडी. कंपनी आपली, मालक आपला, समोर नाव आपलं. "स्वदेशी मोटर," बाबा गावभर सांगत होते. नुसता सांगाडा आला होता. त्यावर आपल्या रानातल्या सागवानाची बॉडी इथल्या सुतारांनी बांधली. बाकं सागवानी, खिडक्या सागवानी. सगळं गाव रोज संध्याकाळी पाहायला यायचं.

पहिल्या फेरीच्या दिवशी पूजा होती. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, नारळ. आमच्याकडे बैलाची पूजा करावी तशी गाडीची करतात, आणि बैलाच्या कपाळाला कुंकू लावतात तसं इंजिनाला लावायचं असं एका म्हाताऱ्यानं ठरवलं. ड्रायव्हरनं झाकण वर उचललं. आई ताट घेऊन पुढे झाली. तिनं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि इंजिनाच्या सपाटशा बाजूवर स्वस्तिक काढू लागली. पण ती बाजू सपाट नव्हती. लोखंडात उठावाची अक्षरं होती, काळ्यावर काळी, कोणाला दिसली नव्हती. कुंकू त्यांच्यावर बसलं आणि ती लाल होऊन वर आली.

मी तेव्हा इंग्रजी शिकू लागले होते. दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड होती. मी वाचलं, "मेड इन इंग्लंड."

आईचं बोट तिथंच थांबलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढा शब्द तिला कळत होता. मशीन परत गेली तेव्हापासून चांगलाच कळत होता. तिनं बाबांकडे पाहिलं.

एक व्यापारी म्हणाला, "नाव तं आपलं हाये ना भाऊ, पाटीवर?"

"तेच तं," बाबा म्हणाले. "कंपनी आपली, मजूर आपले. इंजिन तिकडून आलं तं काय झालं? देश आताच उभा होऊन राह्यला. हळूहळू सगळंच इथी बनेल."

मोहफुलांची टोपली घेऊन बसायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "मोटर जाते ना जी आज?" जाते म्हटल्यावर ती चढली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली. तिच्यामागून सगळेच चढले. नारळ फुटला, गाडी गेली. इंजिन कुठल्या मुलखाचं याची चर्चा तिथंच संपली.

वस्तू कुठं घडली याचा घेणाऱ्याला फरक पडावा की नाही, यावर माणसं तावातावानं बोलू लागली की मी गप्प बसते. माझं मत कडू आहे. ज्याचं तिच्यावाचून अडत नाही, त्यालाच तिचं जन्मगाव फार खटकतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले. आई वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "मंग भावाची मशीन आनू का जी आता?"

बाबांनी घास खाली ठेवला. "मोटर धंद्याची गोष्ट हाये. घराची अलग. लोकं घराकडे पाह्यतात."

"बोटं दुखतेत माही."

"काऊन लहान पोरीवानी करतेस? तुह्या हाताच्या शिलाईले मान हाये गावात. मशीनीच्या शिलाईले कोन इचारते?"

आईनं त्यांच्या पानात भात वाढला. मी मात्र भात तसाच टाकून उठले. राग एवढा आला होता की डोळ्यांपुढे ताट दिसेना.

काही दिवसांनी बाबांनी खादीचं नवं कापड आणलं. आईनं ते मापानं कापलं. मग घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "शिंप्याकडे देऊन ये. त्याच्या मशीनीवर शिवाले सांग."

मी घाबरले. "बाबाले समजलं तं?"

"समजू दे ना." तिचे डोळे चमकत होते. "समजलं पाह्यजेच."

मला तिचा बेत कळला. बाबा सदरा अंगात घालतील, टाके पाहतील, भडकतील. मग ती तोंडावर विचारणार होती, की माझे टाके तुम्हाला एवढे ओळखू येतात, तर त्यांपायी फुटलेली बोटं काऊन दिसत नाहीत? कधी नव्हे ती आई भांडायला तयार झाली होती. सदरा आला तो तिनंच धुऊन, घडी करून खुंटीवर ठेवला, अगदी दिसेल असा. शिवण एकसारखी, बारीक, सरळ. आंधळ्यालाही कळावं.

बाबांनी सदरा घातला. आई दाराशी उभी राहिली. त्यांनी गुंड्या लावल्या, टोपी चढवली आणि मोटरीकडे गेले. संध्याकाळी आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे पाहत राहायची आणि मी आईकडे.

त्या आठवड्यात चांद्याहून पाहुणे आले. ओसरीवर बैठक बसली, गोष्टी देशाच्या, कारखान्यांच्या. बाबांनी बाही पुढे केली.

"पाहा. घरची हातशिलाई हाये. मशीनीचा एक टाका नाई."

पाहुण्यानं बाही चिमटीत धरली आणि मान हलवली. "वा! आजकाल असं काम पाहाले नाई भेटत."

बाबा खोटं बोलत नव्हते. ते त्यांना जमतही नसे. त्यांना खरोखर फरक दिसला नव्हता.

मी रागानं बाहेर निघाले होते. आईनं माझा दंड धरला. तिच्या दुसऱ्या हातात चहाची गाळणी होती, ती तिनं खाली ठेवली आणि चुलीपुढे बसली. लुगडं जळलं तेव्हा ती रडली नव्हती. मशीन परत गेली तेव्हाही नाही. ती आता रडत होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबून.

"इतकी वर्षं शिवलं," ती म्हणाली, "अन् ह्याइनं एक टाका पाह्यला नाई."