भाऊंची अभ्यासिका

आमचं घर बिबवेवाडीत, दीड खोलीचं. वडील मार्केट यार्डात हमाली करतात, आई दोन घरी पोळ्यांना जाते. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, त्यामुळे अभ्यासाला वेगळी जागा लागते हे आमच्याकडे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. ते मलाही उशिराच कळलं. बारावीनंतर शेजारच्या ताईने मला गल्लीच्या टोकाच्या अभ्यासिकेत नेलं. महापालिकेची दोन खोल्यांची इमारत, लाकडी टेबलं, पंखे, दारात चपलांचा ढीग. पहिल्या दिवशी मी तिथे काहीच वाचलं नाही. इतक्या माणसांत इतकी शांतता असू शकते, याचंच मला नवल वाटत होतं.

दारावर मोठा बोर्ड होता. आमच्या नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'यांच्या संकल्पनेतून साकारलेली अभ्यासिका'. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. म्हणून आम्हीही त्या जागेला 'भाऊंची अभ्यासिका'च म्हणायचो. रिक्षावाल्याला तेच सांगायचं, मैत्रिणीला पत्ता तोच द्यायचा. त्यात काही चुकतंय असं कधी डोक्यातही आलं नाही.

सकाळी तिथे एक निवृत्त बाई पेपर वाचायला यायच्या. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं. माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं त्या बोर्डावरूनच झालं. चष्मा वर करून बोर्ड वाचत त्या म्हणाल्या, अभ्यास करायची संकल्पना भाऊंना सुचली म्हणायची, मग आमची शाळा इतकी वर्षं कशावर चालली होती कोण जाणे. मला हसावं की नाही ते कळेना. मी पुस्तकात मान घातली.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली होती, तेव्हा भाऊंचा एक कार्यकर्ता अभ्यासिकेत आला. पुढच्या महिन्यापासून इथे भाऊंचं जनसंपर्क कार्यालय होणार, तुम्ही देवळाच्या सभामंडपात बसा, असं सांगून आणि पंख्यांचं बटण बंद करून तो निघाला. सभामंडपात रोज भजनाचा सराव चालतो. घरी तर मला पुस्तक उघडायलाच जागा नव्हती. मागच्या वर्षी एक विषय राहिला होता. पुन्हा राहिला असता तर माझं कॉलेज तिथेच थांबलं असतं, हे मला न सांगता कळत होतं. तरी मी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. कुणीतरी म्हणालंसुद्धा की भाऊंचीच आहे, आपण नाही कसं म्हणायचं.

बाईंनी पेपर खाली ठेवला. "कुणाची आहे?"

दोघा-तिघांनी दारावरच्या बोर्डाकडे बोट केलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचंही बरोबर आहे म्हणा. नागरिकशास्त्र तुम्ही सगळ्यांनी ऑप्शनला टाकलेलं."

ते खरंच होतं. इतिहासाच्या मागे चिकटवलेला तो विषय मी कधी मन लावून वाचला नव्हता. प्रश्नपत्रिकेत पर्याय असतोच, म्हणून अख्खे धडे सोडून द्यायचो.

घरी हे सांगितलं आणि भाऊंनाच जाऊन विचारावं म्हणते, असंही म्हटलं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात खाट मिळत नव्हती, ती भाऊंच्या एका फोनने मिळाली होती. वडील एवढंच म्हणाले, "ज्या माणसानं तुझ्या आईसाठी फोन केला, त्यालाच तू जाब विचारणार?" आई समोर बसून भाजी निवडत होती.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी बाईंना विचारला. मला वाटलं होतं, त्या काहीतरी खोचक बोलतील. पण त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं चुकत नाही. त्या फोनचे आभार मानायचेच. मनापासून मान. पण आभार मानले म्हणून जागेची किल्ली द्यायची नसते."

रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण भाऊंच्या घरी गेलो. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, चहा फिरत होता. बाई बरोबर होत्या, पण बोलायला तयार नव्हत्या. मी बोलले तर म्हातारी कटकट करते म्हणतील, परीक्षा तुझी आहे, तू बोल, असं त्यांनी वाटेतच सांगून ठेवलं होतं.

मी आधी आईच्या खाटेबद्दल आभार मानले. भाऊ जरा अवघडले. मग मी विचारलं, "भाऊ, ही इमारत महापालिकेची आहे ना? मग तिथे कार्यालय करायचं कुणी ठरवलं? तो निर्णय आम्हाला कुठे बघायला मिळेल?"

शेजारचा कार्यकर्ता म्हणाला की खाट मिळाली तेव्हा हिला प्रश्न पडला नाही. भाऊंनी त्याला हातानेच गप्प केलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"बाई, हे तुम्ही शिकवलंत वाटतं पोरांना."

"तुम्हालाही शिकवलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऑप्शनला टाकलंत."

भाऊ त्यांचे विद्यार्थी होते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मग भाऊच हसले. बघतो म्हणाले, आणि आम्हाला चहा घ्यायला लावला.

आम्ही खूश होऊन निघालो. बाईंनी कोपऱ्यावर थांबवलं. भाऊ हसले म्हणून घरी जाऊ नका, म्हणाल्या. उद्या दुसरे भाऊ येतील, ते हसणारे नसतील. म्हणून सोमवारी आम्ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की जागेचा वापर बदलायला कुणी परवानगीच मागितलेली नाही, आणि ती अशी कुणा एकाच्या सांगण्यावरून मिळतही नाही. तेच आम्ही लेखी मागितलं. दोन खेपा जास्त झाल्या, पण मिळालं.

भाऊंचं कार्यालय पुढच्या चौकात भाड्याच्या गाळ्यात झालं. मी अभ्यासिकेतच अभ्यास केला आणि पास झाले, मागचा राहिलेला विषय धरून. बोर्ड अजून आहे. भाऊ भेटले की मी नमस्कार करते आणि तो मनापासून असतो. त्यांनी मनात आणलं असतं तर आम्हाला बराच त्रास देता आला असता. तो त्यांनी दिला नाही, हेही मी विसरत नाही. पण एखादी ट्यूबलाइट गेली की आता भाऊंना सांगू असं कुणी म्हणत नाही. आम्ही महिन्याचे नंबर लावलेत, ज्याचा असेल तो क्षेत्रीय कार्यालयात जातो. या महिन्यात माझा आहे. पाण्याचा नळ गळतोय.

परवा काम संपवून वडील मला न्यायला आले. मी चपला शोधत होते. बाहेर कुणीतरी त्यांना विचारलं, इथे कुणाकडे आलात. मला वाटलं, ते नेहमीप्रमाणे भाऊंचं नाव घेतील.

"पोरगी आत हाय," ते म्हणाले. "आमचीच अभ्यासिका हाय ही."

बाई पायरीवरच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. वडिलांना वाट द्यायला त्या थोड्या बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "या ना, आत या. जागा आहे."