पातळ आवरण

मृत्यू जवळ दिसला की माणूस आयुष्याचा अर्थ शोधू लागतो. मी रस्त्यावरचे स्पीडब्रेकर शोधत होतो.

गंगापूर रोडवरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तासाभरापूर्वीच सांगितले होते, की माझ्या एका रक्तवाहिनीत चरबी साचली आहे आणि तिच्यावर पातळसे आवरण आहे. ते टिकले तर काही होत नाही. फाटले तर तिथेच रक्ताची गुठळी होऊन झटका येतो.

"कधी फाटेल?" मी विचारले.

"ते सांगता येत नाही. गोळी रोज घ्या, त्याने आवरण घट्ट होत जातं."

इंदिरानगरला परतताना प्रत्येक स्पीडब्रेकरवर मी दोन्ही पाय टेकवून स्कूटर अलगद पलीकडे नेत होतो. मागे बसलेली बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा चालत गेलो असतो."

"हादऱ्याने फाटलं तर?"

ती म्हणाली, "उतरा. मी चालवते."

तिने एकाही ठिकाणी वेग कमी केला नाही. मी तिचा खांदा घट्ट धरून, आलेली शिंकसुद्धा दाबून बसलो.

घरी पोचताच पाण्याचा पेला भरला आणि गोळी काढली. चिठ्ठीवर लिहिले होते: रोज एक, रात्री जेवणानंतर. दुपारचे साडेबारा वाजले होते.