काकू, बॉल!

आमच्या गॅलरीत एक निळी बालदी होती आणि तिच्यात कायम सात-आठ बॉल पडलेले असत. त्यातला एकही मी विकत घेतलेला नव्हता. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत पहिला मजला आमचा आणि खालचं आवार पोरांचं. त्यांच्या क्रिकेटचा एक नियम होता: बॉल काकूंच्या गॅलरीत गेला की बॅट्समन आउट, आणि बॉल मागायचाही त्यानंच. यातल्या काकू म्हणजे मी. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात हे पद मला मिळालं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि जाम चिडले होते.

मी व्हायोलिन वाजवते. वीसेक वर्षं अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. मालिकेत सासू दारात उभी राहिली की जो ‘टँऽऽ’ होतो, त्यातले काही माझे आहेत. स्टुडिओचं काम नसेल तेव्हा सकाळी दहा वाजता मी खिडकीशी बसून व्हायोलिन सुरात लावते, रियाज करते आणि दुपारी घरीच थोडंफार रेकॉर्डिंग. सोसायटीच्या फलकावर ‘दुपारी दोन ते चार खेळू नये’ असं लिहिलंय ते माझ्याच तक्रारीवरून. त्या वेळात वर आलेला बॉल जप्त. पोरं खालून ‘काकूऽ, बॉऽल!’ करून घसा फोडत आणि मी ढिम्म हलत नसे.

मागच्या मे महिन्यात माझ्या जुन्या तबलजी मित्राचा फोन आला. आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसून वाजवलंय. आता त्याचा मालाडला छोटासा स्टुडिओ आहे. तो नुसत्या वाद्यांचा एक अल्बम करत होता. “पाच मिनिटांचं काहीतरी दे. शब्द नकोत, गाणारं कोणी नको. विषय, मुलांमुळे घरात येणारा आनंद. चाल तुझी आणि नावही तुझं.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं नाव संगीतकार म्हणून लागणार होतं. मी घाईघाईनं हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर विषय नीट ऐकू आला.

आम्हाला मूल नाही. हवं होतं, झालं नाही. डॉक्टर झाले, सासूबाईंचे नवस झाले, मग एके दिवशी आम्ही दोघांनी बसून ते सगळं थांबवलं. आता त्याचं उठता-बसता रडू येत नाही. पण ज्या आनंदाला आमच्या घराचा पत्ताच सापडला नाही त्यावर मी काय डोंबल वाजवणार, ही भीती खरी होती. नाही म्हणावं तर हातातोंडाशी आलेलं नाव जाणार, आणि हो म्हणून वाजवावं तर पितळ उघडं पडणार.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मुलांवर? तू?” मग त्यानं गॅलरीतल्या बालदीकडे पाहिलं. “आधी ते कैदी सोड.”

कैदी काही मी सोडले नाहीत, पण कामाला लागले. लॅपटॉपमधून नाजूक घंटा घेतल्या, घुंगरू घेतले, मधे बाळ खुदकन हसावं तसं व्हायोलिन. आठवडाभर खपून नवऱ्याला ऐकवलं. “छान आहे,” तो म्हणाला. “बिस्किट कुठलं?” त्याच्याशी अबोला धरून मी ते मित्राला पाठवलं. तो मूळचा मालवणकडचा. मनापासून बोलायला लागला की त्याची गाडी मालवणीवर येते. “गोड आसा गो,” तो म्हणाला. “पण ह्या पोर कोणाचा? कॅलेंडरातला दिसता.” त्याला काही टोचायचं नव्हतं. मला मात्र ते दोन दिवस टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी घंटा-घुंगरू सगळं बाजूला सारलं आणि नुसतं व्हायोलिन घेऊन बसले. पंखा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो म्हणून बंद. त्यात मे महिना; खिडकी लावली असती तर मीच शिजले असते. लांबलचक पंचम धरला होता, चांगला लागलाही होता, आणि गॅलरीत धप्पकन बॉल आला.

“काकूऽ, बॉऽल!” खाली बी विंगमधली दोन वेण्यांची मुलगी उभी होती.

“दोन ते चार बंद!” मी गॅलरीतून ओरडले.

“काकू, प्लीज ना! सुपर ओव्हर आहे. बॉल नाही मिळाला तर आमची वाट लागेल!”

“लागू दे!”

आत येऊन वाया गेलेलं रेकॉर्डिंग बाजूला टाकायला घेतलं. त्याआधी सहज एकदा ऐकलं. माझा पंचम चालला होता आणि त्याच्यावर तिची हाक: ‘का’ पंचमावर, ‘कू’ गंधारावर, ‘बॉ’ वर धैवतावर आणि ‘ल’ परत पंचमावर. प ग धऽ प. अगदी सुरात. ही मुलगी गाणं शिकत नाही. शाळेतल्या गाण्याच्या तासाला ती झोपते, असं तिच्या आईनंच मला सांगितलं होतं.

योगायोग असेल म्हणून जुनी वाया गेलेली रेकॉर्डिंगं काढली. मी काही टाकत नाही, लॅपटॉपचा माळा झालाय. जवळजवळ प्रत्येकात कोणी ना कोणी ‘काकू, बॉल’ ओरडलेलंच होतं. फेब्रुवारीत माझा सा काळी एकचा होता. हाक त्याच पट्टीत. मार्चमध्ये एका मालिकेसाठी मी सा खाली आणला होता. पोरंही खाली उतरली होती. दरवेळी आवाज वेगळा, पोर वेगळं, आणि सूर माझा. दिवसभर माझ्या खिडकीखाली खेळून त्यांच्या कानांत तो मुरला होता, आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मी खुर्चीत बसून आधी हसले, मग रडले. दोन्ही पोटभर झाल्यावर गॅलरीत गेले आणि बालदीतले बॉल एकेक करून खाली फेकले.

खाली सगळे थिजले. “काकू, तब्येत बरी आहे ना?” वेण्यावालीनं विचारलं.

“खेळा.”

“पण दोन ते चार?”

“खेळा म्हटलं ना!”

त्यानंतर चाल तीन दिवसांत झाली. त्या चार सुरांचीच सगळी. व्हायोलिन हाक मारतं, मग बॉल वर गेल्यावर सगळे गॅलरीकडे बघत थांबतात तेवढी शांतता, मग पुन्हा धावाधाव. बॉलच्या टप्प्यांसाठी मित्राच्या तबल्याला जागा सोडली. शेवटी हाक एकदाच, सावकाश वाजवायची होती: प ग धऽ, दोन मात्रा थांबून मग प. खिडकी उघडीच ठेवली होती. धैवतावरून व्हायोलिनचा बो उचलला आणि मी मनात मोजत होते, तेवढ्यात खालून कोणीतरी माझी हाक पुरी केली. “ऽऽल!” पंचमच, किंचित उतरलेला. मी बो परत तारेवर ठेवला नाही.

रेकॉर्डिंग मित्राला पाठवलं, तसा त्याचा फोन आला. म्हणाला, “झकास आसा गो. पण शेवटचो प व्हायोलिनचो नाय. कोणा पोराचो आवाज आसा.”

“हो.”

“तो काप. गाणारं कोणी नको, ठरलंय ना आपलं?”

“कोणी गात नाहीये. ते वाद्यच आहे.”

“वाद्य? कोणाचा?”

“माझं,” मी म्हणाले. “रोज सकाळी दहा वाजता मीच लावते.”