सोबतचा माणूस

कापसाचे भाव पडले होते आणि बोंडअळी पुन्हा आली होती, त्या वर्षांत मी एका दैनिकाचा यवतमाळचा प्रतिनिधी होतो. माझ्या बातम्यांवर नाव नसे. 'प्रतिनिधी' एवढंच असे. ज्या घरात कुणी जीव दिला, तिथे मी ठरलेले प्रश्न विचारी. त्यांतला एक: तेव्हा सोबत कोण होतं?

माझं नैराश्य त्याच काळातलं. औषधं बदलून झाली, समुपदेशन झालं. काम बिनचूक चाललं होतं. जेवण, झोप आणि माणसं यांच्याशी मात्र माझा संबंध उरला नव्हता. नागपूरच्या डॉक्टरांनी पुढचे पर्याय सांगितले. डोक्याला चुंबकीय लहरी देणारं यंत्र होतं, पण त्यासाठी कित्येक आठवडे रोज यावं लागणार. भूल देऊन विजेचे झटके देतात, ते त्यांनी राखून ठेवले. आधी केटामाइन देऊन पाहू, म्हणाले. भुलीचं जुनं औषध, अगदी कमी मात्रेत, सलाइनमधून. नैराश्यासाठी त्याचा वापर अजून नवा होता. सगळ्यांना गुण येत नाही आणि आला तरी टिकेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

"सोबत माणूस आणा. त्याशिवाय देणार नाही."

फोनमध्ये तहसीलदारापासून जिनिंगवाल्यांपर्यंत सगळे होते. उमरखेडच्या भावाला मी ॲसिडिटी सांगून ठेवली होती. वणीच्या वार्ताहराला विचारलं, गुरुवारी नागपूरला येतोस का, दवाखान्यात काम आहे.

"कोण भरती आहे? फोटोग्राफर आणू?"

राहू दे, म्हटलं.

पहाटे यवतमाळच्या बसस्टँडजवळ नागपूरहून आलेले पेपरचे गठ्ठे उतरत. गाडीचा ड्रायव्हर मूळचा कळंबचा, राहायला नागपुरात. शेवटी त्याला विचारलं.

"अख्खा जिल्हा ओयखते तुमाले," तो म्हणाला, "अन् संगं याले माणूस नाही?"

"नाही."

तो गठ्ठ्याची सुतळी सोडत राहिला. "मले काय करा लागन?"

"बसून राहायचं."

"बसनं तं आपला धंदाच हाय, भाऊ."

गुरुवारी नर्सनं त्याला विचारलं, तुम्ही यांचे कोण?

"पेपरची गाडी चालवतो."

"नातेवाईक हवा होता."

"रोज पहाटे मीच भेटतो यायले. कोणता नातेवाईक रोज भेटते?"

तिनं डॉक्टरांना विचारलं आणि त्याला खुर्ची दिली.

सलाइन सुरू झाल्यावर खोली लांब गेली. माझे हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसत होते. भीती वाटली नाही. एक आवाज मात्र सतत येत होता, दूरच्या रस्त्यावरून ट्रक जावा तसा. तो आहे तोवर मी कुठेतरी आहे, एवढं कळत होतं.

नंतर गाडीत मी त्याला तसं सांगितलं.

"घोरत असन मी," तो म्हणाला. "रातभर गाडी चालवली."

रात्री गाडी निघेपर्यंत त्याच्या खोलीवर पडून राहिलो आणि पहाटे गठ्ठ्यांसोबत यवतमाळला परत आलो. दोन दिवसांनी दुपारी भूक लागली. तर्री-पोहे खाल्ले, तिखट लागले. पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला भूक आणि चव पुन्हा गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आणखी काही वेळा घ्यावं लागेल.

बसस्टँडवर मी त्याच्याजवळ उभा राहिलो. विचारायचं कसं, ते ठरत नव्हतं.

"या गुरुवारी आरटीओत गाडीची पासिंग हाय," तो म्हणाला. "शुक्रवारी चालन का?"

दवाखाना उघडल्यावर मी फोन केला. शुक्रवार चालणार होता.