शिडी, जावई आणि दोन काळांची एक मॅच

शिट्टीमामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण लोक त्यांना ओळखत ते शिट्टीवरून. ऐन तारुण्यापासून क्लबच्या बास्केटबॉलच्या मॅचना पंच तेच. लग्न केलं नाही. रात्रीचं जेवण थोरल्या बहिणीकडे.

ताईचा नवरा, म्हणजे मामांचे दाजी, एके काळी क्लबचा हुकमी एक्का. उंचीमुळे सगळे त्यांना शिडी म्हणत. त्यांच्या जमान्यात क्लबच्या मैदानावर रिंगखाली कितीही वेळ उभं राहिलं तरी कोणी हरकत घेत नसे, आणि शिडी तिथे विजेच्या खांबासारखी रोवलेली असे. आताच्या जमान्याचा एक्का म्हणजे त्यांचाच जावई. पेशाने दातांचे डॉक्टर, पण चेंडू हाती आला की लांबून नेम धरणार आणि एकेका फेकीला तीन गुण मिळवणार.

एकदा जेवताना जावई सहज बोलून गेले की बाबांच्या काळी तीन गुणांची रेषा नव्हती हे बरंच झालं, नाहीतर ती बघायला त्यांना रिंगखालून बाहेर यावं लागलं असतं. दाजींनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, तुमच्या काळात समोरच्याच्या शर्टाला वारा लागला तरी शिट्टी वाजते; आमच्या वेळी बरगडीत कोपर बसलं की माणूस म्हणायचा, जरा सरका. शब्दाने शब्द वाढला. दाजींनी अबोला धरला, जावयांनी येणं सोडलं, आणि नवऱ्याला मागे ठेवून एकटी कशी येऊ म्हणून लेकही फिरकेना.

ताईने सगळा राग भावावर काढला.

"पंच ना तू? मग लाव निकाल. पोरगी या घरात जेवायला बसेपर्यंत तुझंही ताट वाढणार नाही."

मामा दुकानात पाव-केळी खाऊन दिवस काढू लागले. दाजींना आजच्या नियमांत खेळवणं अन्याय, जावयांना जुन्या नियमांत कोंबणं हाही अन्याय. एका घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले असताना त्यांना तोड सुचली. दोघांची मॅच लावायची आणि ज्याने त्याने आपापल्या काळाच्या नियमांनी खेळायचं. एकाच मैदानावर, एकाच वेळी. जो आधी एकवीस गुण करील तो थोर.

दोघांनाही हवा तो नियम मिळाल्यामुळे कोणी कुरकुर केली नाही.

सुट्टीच्या सकाळी मैदानावर अर्धा क्लब जमला. वडीलकीचा मान म्हणून पहिला चेंडू दाजींना. त्यांनी रिंगखाली उभ्या उभ्या हात वर केला, दोन गुण. जावयांनी लांबून टाकला, तीन. दाजींनी पुन्हा हात वर केला, चार. जावयांची पुढची फेक रिंगवर आपटून थेट दाजींच्या ओंजळीत आली.

आणि दाजी थांबले. चेंडू छातीशी धरून, एक पाय रोवून, नुसते उभे.

"टाका ना, दाजी," मामा म्हणाले.

"कशाला? पुढे मी आहे. चोवीस सेकंदांत चेंडू टाकायचा नियम यांचा. माझ्या काळी असलं काही नव्हतं."

मामांनी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता. आयुष्य घड्याळांत काढलेला माणूस मॅचला वेळ लावायलाच विसरला होता.

ऊन चढलं. जावई हात पसरून सासऱ्यांसमोर उभेच. मधूनमधून चेंडूवर झडप घालायला बघत, पण सासऱ्यांना हात लागला तर फाऊल. प्रेक्षक जांभया देऊ लागले. दाजींनी खुर्ची मागितली. मामांनी विचार केला: नियम रोवलेला पाय हलवू नये असा आहे, बुडाबद्दल काही म्हटलेलं नाही. नवऱ्याबरोबर मॅचला आलेल्या लेकीने खुर्ची आणून ठेवली. दाजी चेंडू मांडीवर घेऊन ऐसपैस बसले, आणि बसलेल्या माणसाला अडवत जावई दोन्ही हात वर करून तिष्ठत राहिले. लेक एकदा वडिलांना पाणी पाजे, एकदा नवऱ्याचा घाम पुसे.

अखेर रोवलेल्या पायाला मुंग्या आल्या. दाजी उठायला गेले, पाय जागा होईना, तोल गेला. जावयांनी झेप घेऊन त्यांना कमरेला घट्ट धरलं.

मामांनी शिट्टी फुंकली. "फाऊल. जावयांच्या काळात धरायला बंदी आहे."

मग दाजी जावयांच्या खांद्याला लोंबकळतच कडाडले, "अरे, त्यांनी धरलं म्हणून माझं डोकं फुटलं नाही. डोळे दुकानात विसरलास काय?"

"मामा, हा फाऊल होऊच शकत नाही," जावई म्हणाले. "कुठल्याच काळात नाही."

"तुम्ही याला आत्ता बघताय, जावईबुवा. आमच्या फायनलला याने माझा बास्केट रद्द केला होता. का, तर म्हणे डोळ्यात चिलट गेलं."

"आमच्या सेमीफायनलला शिंक आली म्हणून शिट्टी वाजवली, बाबा."

"वाजवली? मग खेळ थांबवला?"

"थांबवला म्हणजे काय, चेंडू समोरच्यांना दिला."

एकमेकांच्या आधाराने दोघे घराकडे निघाले ते हाच विषय घेऊन. शेजारून लेक, मागून डोक्यावर खुर्ची आणि काखेत चेंडू घेतलेले मामा. गुण चार-तीनच राहिले, पण ते कोणी विचारले नाहीत.

जेवताना वाद रंगला होता. दाजींच्या मते जुन्या काळचे शिट्टीमामा अधिक वाईट, कारण तेव्हा त्यांना नीट दिसत तरी होतं. जावयांच्या मते आताचे, कारण आता नियम जास्त आहेत आणि मामांना ते सगळे पाठ आहेत. मामांना दोन्ही बाजूंत तथ्य वाटलं. त्यांनी वाटी पुढे केली, आणि ताईने ती काठोकाठ भरली.