पंचफुलाबाईचा पहारा

पंचफुलाबाईला वर्षातून दोन तास मिळत. बाकीचं वर्ष घराचं, वाडीचं आणि बाजाराचं.

ते दोन तास दत्तजयंतीच्या सप्ताहातले. आंजी गावात देवळासमोर मांडव पडतो आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. एकेकाचा पहारा दोन तासांचा. रात्रीचे पहारे पुरुष घेतात, दिवसाचे काही बायांकडे असतात. वीणा गळ्यात असली की त्या माणसाला हाक मारायची नाही, कामाचं काही विचारायचं नाही, असा रिवाज आहे. सकाळी दहा ते बाराचा पहारा अकरा वर्षं पंचफुलाबाईचा होता. तेवढा वेळ "माहा टॉवेल कुठं हाय" असं तिचा नवरा बंडूजीसुद्धा विचारू शकत नसे. देव ऐकतो की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण त्या दोन तासांत आपण त्याच्यासमोर उभे आहोत आणि मध्ये कोणी नाही, एवढं तिला पक्कं कळायचं.

माहेर तळेगावचं. तिचे वडील तिथल्या सप्ताहात वीणा घ्यायचे. लहानपणी ती त्यांच्या पायाशी बसून टाळ वाजवायची. लग्न होऊन आंजीला आली तेव्हा दीड एकराची वाडी होती. त्यात मेथी, पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधायच्या, गाठोडी एसटीत टाकायची, वर्ध्याच्या बाजारात नेऊन बसायचं, दुपारी परत. वीस वर्षं असंच चाललं होतं.

दुखणं दोन वर्षांपूर्वीचा सप्ताह झाल्यावर सुरू झालं. लघवीला आग. ओटीपोटात कोणी मूठ आवळून धरल्यासारखं. लागली की थांबवत नाही, आणि गेलं तर चमचाभर. उठून येत नाही तोच पुन्हा तेच. गावातल्या डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी पुन्हा आग. मग वर्ध्याला लघवी तपासली. जंतू नाहीत. तरीही गोळ्या दिल्या, जास्त ताकदीच्या. त्यांनी तोंड आलं, पोट बिघडलं, आग तशीच. मग पुन्हा तपासणी, मग सोनोग्राफी. प्रत्येक कागदावर सगळं ठीक. बायका सांगायच्या म्हणून धन्याजिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, गुळवेल झाली. देवाला दिवा तर रोजचाच होता.

बंडूजी वाईट माणूस नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, दवाखान्याला त्यानं कधी नाही म्हटलं नाही. पण पहिला रिपोर्ट चांगला आला आणि त्याच्या लेखी दुखणं संपलं. चांगली बातमी सांगावी तसा तो रिपोर्ट त्यानं पानठेल्यावर सांगितला. त्यानंतर ती रात्री तिसऱ्यांदा उठली की तो कुशीवर वळून म्हणायचा, "काऊन व? रिपोर्ट तं कोरा हाय ना तुहा?"

हे "कोरा" गावात सगळ्यांच्या तोंडी झालं. घराला लागून मोठ्या जावेचं, अनुसयाबाईचं घर. ती कुंपणावरून म्हणायची, "डॉक्टर खोटं सांगते का बाप्पा? मशीन खोटं सांगते का? मनात घेतलं हाय तुनं. कामात राहत जाय, आपोआप इसरशीन."

कामात राहायचं म्हणजे एसटीत बसायचं. एकदा गाडी आंजी सोडून दहा मिनिटं झाली नसतील, तिनं कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली. तो म्हणाला, "मावशी, आत्ताच तं चढल्या ना घरून?" पण थांबवली. ती बाभळीमागे गेली. परत चढली तेव्हा अख्खी गाडी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत होती, आपण पाहत नाही हे तिला नीट दिसावं अशी. त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी तिनं पाणी बंद केलं. भाजी विकणाऱ्या कितीतरी बाया तेच करतात. माल सोडून जायचं कुठं आणि किती वेळा? सकाळी घोटभर चहा, मग माल संपेपर्यंत ओठाला पाणी नाही. पंचफुलाबाईला वाटलं, आत काही गेलंच नाही तर येईल कुठून. पण पाणी कमी झालं तशी आग वाढली.

शेवटी लेक रंजिता तिला घेऊन निघाली. ती वर्ध्याला कॉलेजात जायची, तिनं कुठून तरी एका बाई डॉक्टरचं नाव काढलं. पंचफुलाबाईनं सगळे कागद पिशवीतून काढून टेबलावर ठेवले आणि आपणच बोलून टाकलं, "सारे कोरे हायेत."

डॉक्टरबाईंनी ते वाचले. म्हणाल्या, "जंतू नाहीत हे खरंय. पण दुखतंय, ते पण खरंय ना?"

पंचफुलाबाई तिथेच रडली. इतक्या महिन्यांत हे वाक्य कोणी बोललं नव्हतं.

लघवीची पिशवीच दुखरी होते, डॉक्टरबाईंनी सांगितलं. थोडी भरली की भरल्यासारखी ओरडते. तपासणीत ते दिसेलच असं नाही. एका गोळीनं जाणार नाही, पण कमी करता येतं. चहा कमी, ठेचा बंद, टमाटर कमी. पाणी तोडायचं नाही, दिवसभर थोडं थोडं प्यायचं. आणि वही करायची. किती वाजता गेले ते लिहायचं, आणि दर आठवड्याला मधलं अंतर पाच मिनिटांनी वाढवायचं, जमेल तेवढंच. ओढून ताणून दाबून धरायचं नाही.

रंजिताच्या अर्ध्या कोऱ्या वहीत पंचफुलाबाई वेळा लिहू लागली. ही बातमी दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडे गेली.

"आता मुताची बी वही निंगाली व माय!" अनुसयाबाई म्हणाली. "बंडूभाऊजी, सही कोण करते वहीवर? तुमी का गुरुजी?"

बंडूजी हसला. त्याचं ते हसणं पंचफुलाबाईच्या मनात बाभळीच्या काट्यासारखं राहिलं.

पण वहीतले आकडे सरकत होते. आषाढात पंधरा मिनिटं होती. पोळ्याला तीस झाली. कार्तिक सरता सरता चांगल्या दिवशी एक तास निघू लागला. आग होती, पण बारीक. तिच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती, दहा ते बारा.

मार्गशीर्षात पहाऱ्यांची यादी लिहायला घेतली तेव्हा ती देवळात गेली. यादी पुंडलिकराव लिहीत. सप्ताहाचे सगळे सोपस्कार त्यांच्याकडे. ती पायरीखाली उभी राहून म्हणाली, "पुंडलिकराव, यंदा माहा पहारा एका तासाचा करता का? दहा ते अकरा. पुढचा तास कोणाले बी द्या."

"पहारा म्हणजे दोन तास, पंचफुलाबाई. उद्या कोणी म्हणीन मले पंधरा मिन्टाचा द्या. देवाचं काम हाय, का रोजंदारी?"

"दुखणं हाय मले. तुमाले माहीत हाय."

"दुखणं असतं तं म्या आपल्या मनानंच नाव काढलं असतं. पण रिपोर्ट तं चांगला हाय म्हणते बंडूजी." त्यांनी पेन उघडलं. "ठेवू का काढू? तेवढं सांगा."

तिथे आणखी चार माणसं बसली होती. पंचफुलाबाई म्हणाली, "ठेवा."

रंजिता रागावली. "आई, डॉक्टरनं काय सांगितलं? अन् तू दोन तास कशी उभी राहशीन?"

"तो उभा करीन," पंचफुलाबाई म्हणाली आणि जुड्या बांधू लागली.

चूक तिनं समजून उमजून केली. पहाऱ्याच्या आदल्या संध्याकाळपासून तिनं पाणी बंद केलं. डॉक्टरबाईंचं बोलणं आठवत होतं, पण दोन तासांपुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं. सकाळी थंडी कडक होती. आंघोळ करून, ओलेच केस बांधून ती मांडवात गेली. आधीचा पहारा गावातल्या श्रावण नावाच्या माणसाचा होता. वीणा घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. तिनं वाकून नमस्कार केला, त्यानं केला, आणि वीणा तिच्या गळ्यात आली. घड्याळात दहा वाजले होते.

पहिला अर्धा तास अकरा वर्षांतला सगळ्यात चांगला गेला. नाम चाललं होतं, बोट तारेवर पडत होतं, वडिलांची आठवण आली. तिला वाटलं, पाहा, तोच उभा करतो.

पावणेअकराला खाली बारीक चटका बसला. अकराला ओटीपोटात तिखटाची पूड सांडल्यासारखं झालं. नाम तोंडात होतं, पण आता ती देवाला दुसरंच काही मागत होती. अकरा वाजून पाच मिनिटांनी तिनं पुंडलिकरावांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि टाळ वाजवत राहिले.

पहिल्या ओळीत अनुसयाबाई होती. पुढचा पहारा तिचाच होता, सोवळ्याची साडी नेसून तयारच बसली होती. पंचफुलाबाई नामाच्या ठेक्यातच पावलं टाकत तिच्यासमोर आली आणि वीणा किंचित पुढे केली. अनुसयाबाईनं टाळ थांबवला नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "माहा बाराचा हाय."

अकरा दहा झाले. आता मिनिटं नव्हती. खांबाला टेकून बंडूजी बसला होता. त्याचा दुसरा चहा नुकताच झाला होता, कप शेजारीच पडला होता. पंचफुलाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अवं, मी कायले? मी कई घेतली हाय का?" तो कुजबुजला.

तिनं वीणा पुढे केली. वीणा पुढे आली की नाही म्हणायचं नसतं. अनुसयाबाईचं कोणी ऐकलं नव्हतं, पण आता अख्खा मांडव पाहत होता. बंडूजी उठला, टोपी नीट केली आणि इकडेतिकडे पाहून बायकोच्या पायाशी वाकला. तिनंही वाकायला हवं होतं. पण वाकली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. तिनं नुसते हात जोडले, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि मांडवाबाहेर गेली. पळाली नाही. चालत गेली.

घरी पोचली. थेंब थेंब आलं, आगीचं. भिंतीला हात लावून ती थोडा वेळ उभी राहिली. मग हातपाय धुतले, चूळ भरली, तांब्याभर पाणी हळूहळू प्याली. अर्धा तास उरला होता. राहिलेला पहारा पूर्ण करायचा म्हणून ती परत मांडवात आली.

वीणा कैलासच्या गळ्यात होती. कैलास गावातल्या किराणा दुकानाचा मालक, तोही आज पहिल्यांदाच उभा होता. बंडूजी कुठे दिसेना.

"रंजीचे बाबा?" तिनं विचारलं.

"त्याइले लघवीले लागली होती," पुंडलिकराव म्हणाले. "दोन चहा झालते ना त्याइचे. कैलासले म्हटलं, घे रे बाबा, खोळंबू नोको माणसाले."

"किती वेळ उभे होते?"

"झाले असतीन पंधराएक मिन्टं."

"बरं. द्या आता मले. माहा अर्धा तास बाकी हाय."

"राहू द्या. पहारा मोडला तुमचा. कैलास घेईन बारापर्यंत."

"त्याइचा नाई मोडला?"

"त्याइची गोष्ट अलग हाय. त्याइले लागली होती."

"अन् मले काय लागलं होतं, पुंडलिकराव?"

पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग टाळ उचलला आणि नाम जोरात धरलं. मागच्या सगळ्यांनी धरलं. पंचफुलाबाईनं मूर्तीकडे पाहिलं, नमस्कार केला आणि घरी गेली.

बंडूजी दुपारी आला. पंधरा मिनिटांतच दुसरा माणूस का उभा करावा लागला, हे त्याला खटकलं नव्हतं. त्याला दुसरंच लागलं होतं. "एवढ्या लोकाइत मले वाकवलंस तू," तो म्हणाला आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

त्या दिवशीचं पान तिनं भरलं. दहा ते अकरा दहा. एक तास दहा मिनिटं. वही सुरू केल्यापासूनचा सगळ्यात मोठा आकडा. डॉक्टरबाई ओरडल्या, पाणी तोडल्याबद्दल. मधलं अंतर पुन्हा चाळीस मिनिटांवर आलं होतं, ते सगळं नव्यानं चढायला चैत्र उजाडला. आता ती पाण्याची बाटली घेऊन बाजारात बसते आणि जाताना शेजारणीला माल सांभाळायला सांगते. आग कधी असते, कधी नसते. गाव अजून कोराच म्हणतं.

यंदाच्या यादीत दहा ते बारासमोर कैलासचं नाव आहे. तिनं विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. सप्ताह बसला त्या सकाळी ती वाडीत मेथी खुडत होती. भोंग्यातून नाम ऐकू येत होतं. तिचे ओठ हलत होते. तेवढ्यात घराकडून हाक आली.

"रंजीची माय, माहा टॉवेल कुठं हाय व?"

ती थांबली. नाम चालूच होतं.

"दोरीवर हाय," ती म्हणाली.