मनकर्णाबाईचं रडणं आणि जगदेवची सॉरी

मेडशीत बोलवा होती, की मनकर्णाबाई मयतात रडायची पायलीभर ज्वारी घेते. साफ खोटं. उलट मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून तीच टोपलंभर भाकरी थापून न्यायची. निंदणाची मजुरी बुडवून जायची आणि गेलेल्याची एकेक खोड आठवून हेल काढायची, "कोन म्हनंन वं आता मले, च्यात साखर कमी हाय!"

बोलवा उठवली होती नववीतल्या जगदेवनं, म्हणजे हे लिहिणाऱ्या थोर कलावंतानं. मास्तर, कंडक्टर, कोणाचीही नक्कल करायचा. मनकर्णाबाईच्या रडण्याची तर पोरं फर्माईश करायची. गावात त्याला जी काही किंमत होती, ती तेवढ्यावरच.

इंग्रजीचा पंडितही तोच. बाहत्तर साली मास्तरांनी सांगितलं होतं, की फार जुन्या काळी सॉरी म्हणजे काळजाला झालेली जखम. ते ऐकून तो शब्द तोंडात घ्यायलाही पोरं भ्यायची. पंच्याहत्तरपर्यंत पार झिजला. एसटीत कोणाचा पाय तुडवला, सॉरी. सुटे पैसे नाहीत, सॉरी. जगदेव तर बकरीला धक्का लागला तरी तिला सॉरी म्हणायचा.

त्या साली पोळ्यानंतर त्याच्या बाकावरच्या देवमनची माय वारली. मनकर्णाबाई भाकरी बांधत म्हणाली, "चाल रे, देवमनले भेट."

"मले रडता नाई येत, काकू. मी सॉरी म्हनतो. आता असंच म्हनतात."

"बकरीले म्हनतं तेच?"

"तेच."

"देवमनच्या तोंडाकडं पाहून म्हनून दाखव. लाव पैज."

"लावली! हारलो तर तुह्या रडन्याची नक्कल बंद."

वाटभर त्यानं सराव केला. एकदा मास्तरांच्या आवाजात, एकदा कंडक्टरच्या.

देवमन ओट्यावर बसला होता, डोळे कोरडे, मांडीवर शाळेचा डबा. त्या डब्यात त्याची माय रोज एक भाकर जगदेवच्या वाटची टाकायची. जगदेवनं तोंड उघडलं. सॉरी राहिली बाजूला. निघालं ते भलतंच, "कोन टाकंन वं मावशी आता माह्या वाटची भाकर!" आणि तेही मनकर्णाबाईच्याच हेलात. लेकाला स्वतःचं रडणंसुद्धा उसनं आणावं लागलं.

देवमन त्याच्या गळ्यात पडला आणि सकाळपासून पहिल्यांदा रडला.

परतताना मनकर्णाबाईनं विचारलं, "हारला नं?"

"हारलो, काकू."

"हेल मात्र बरा काढतं. शेवटाले जरा लांबवत जाय."

आता तिच्या नकलेची फर्माईश आली, की थोर कलावंत म्हशीसारखं रेकून वेळ मारून नेतात.